शेतातले दगडी गोठे पडू द्यायचे की त्यांची घरं करायची? इंग्लंडमधल्या एका जुन्या भांडणाची गोष्ट

ॲमेझॉन प्राइमवर 'क्लार्कसन्स फार्म' पाहिलं असेल, तर एक गोष्ट नक्की लक्षात राहिली असेल. जेरेमी क्लार्कसनकडे पैसा आहे, प्रसिद्धी आहे, शेत स्वतःच्या मालकीचं आहे. तरी त्याच शेतात रेस्टॉरंट काढायचं म्हटलं की कौन्सिल आडवं येतं. हे भांडण इतकं गाजलं, की २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारनं शेतातल्या इमारतींचा वापर बदलायचे नियम सैल केले तेव्हा तिथल्या पेपरांनी त्याला 'क्लार्कसन्स क्लॉज' असं नावच ठेवून टाकलं.

क्लार्कसनची बातमी जगभर फिरली. पण ज्या भागात हा प्रश्न सगळ्यात जास्त अवघड आहे, तिथं घरं करायचे हे सैल नियम लागूच झाले नाहीत. तो भाग म्हणजे उत्तर इंग्लंडमधलं यॉर्कशायर डेल्स. लंडनपासून गाडीनं साधारण ४०० किलोमीटर. इथल्या दऱ्याखोऱ्यांत हजारो दगडी गोठे शेताशेतांत एकेकटे उभे आहेत. अंदाजे सहा हजार. त्यातले बरेचसे रिकामे आहेत आणि दर हिवाळ्यात थोडे थोडे ढासळतायत.

त्यांचं करायचं काय, यावर सरकार, शेतकरी आणि नॅशनल पार्कवाले गेली दहा-बारा वर्षं वाद घालतायत. वरवर पाहता हा वाद जुन्या इमारती जपायचा वाटतो. खरं तर त्या दरीत पुढे राहणार कोण, यावरून तो चाललाय.

शेतात एकटाच गोठा कशाला बांधला?

इंग्रजी 'बार्न'ला मराठीत एकच असा शब्द नाही. गोठा, वैरणीचा माळा आणि कोठार या तिन्हीचं काम तो करतो. कोकणात मांगर असतो, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट. डेल्समध्ये मात्र वेगळेपण हे, की बार्न घराला लागून नाही. घर खाली गावात, आणि बार्न वर डोंगरउतारावर, दगडी गडग्यांनी बांधलेल्या चौकोनी शेतांत. स्वेलडेल नावाच्या दरीत गनरसाइड किंवा म्यूकर या गावांच्या आसपास उभं राहिलं की जवळपास प्रत्येक दुसऱ्या शेतात एक दिसतो.

यामागं साधा हिशोब आहे. या भागात धान्य फारसं पिकत नाही. पाऊस भरपूर, उन्हाळा छोटा, जमीन चढउताराची. पिकतं ते गवत. जुलैमध्ये गवत कापायचं, वाळवायचं आणि हिवाळ्यासाठी साठवायचं. आता सगळ्या शेतांतलं गवत डोक्यावर किंवा घोड्यावर लादून खाली घरापर्यंत आणायचं, मग त्याचं शेण झाल्यावर तेच खत पुन्हा वर चढवायचं, यात माणूस मरून जाईल. त्यापेक्षा गवत जिथं उगवतं तिथंच ठेवा, गाई तिथंच बांधा आणि शेणखत तिथल्याच शेतात पसरा. चालायचं कुणी? तर फक्त शेतकऱ्यानं.

म्हणून बार्नच्या आत दोन भाग. एका बाजूला जमिनीपासून छपरापर्यंत सुकं गवत भरलेलं. दुसऱ्या बाजूला दावणीला बांधलेल्या चार-पाच गाई, त्यांच्या डोक्यावर आणखी गवताचा माळा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत गाई आत. शेतकरी रोज दोनदा चालत यायचा. गव्हाणीत गवत टाकायचा, गाईंना ओढ्यावर पाणी पाजून आणायचा, दूध काढायचा, शेण भिंतीतल्या भोकातून बाहेर ढकलायचा. एकाच शेतकऱ्याचे असे तीन-चार बार्न असतील, तर रोजची किती पायपीट झाली याचा हिशोब तुम्हीच करा. तीही बर्फात.

यातले बहुतेक बार्न सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले. बांधणारे मोठे जमीनदार नव्हते. स्वेलडेलमध्ये तर कित्येक जण शिशाच्या खाणीत काम करायचे आणि जोडीला एक-दोन गाई पाळायचे. खाणकाम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसलं, माणसं कामाच्या शोधात दरी सोडून गेली, पण बार्न जागेवर राहिले.

मोठ्या बार्नची गोष्ट वेगळी

इंग्लंडमध्ये दगडी बार्न म्हटलं की आधी ग्रेट कॉक्सवेलचं नाव येतं. ऑक्सफर्डशायरमधला हा बार्न तेराव्या शतकाच्या शेवटचा. त्याच्या लाकडांची वलयं तपासून झाडं १२९१-९२ च्या हिवाळ्यात तोडल्याचं कळलं. ब्यूली नावाच्या मठानं तो बांधला. लांबी ४५ मीटरच्या वर. चित्रकार-कवी विल्यम मॉरिस जवळच राहायचा आणि पाहुण्यांना मुद्दाम तो दाखवायला न्यायचा. त्यानं त्याची तुलना थेट कॅथेड्रलशी केली होती. आज तो नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि लोक तो बघायला जातात.

अशा इमारतीला कुणी हात लावत नाही. एकटीच, भव्य, नाव असलेली. डेल्सच्या बार्नचं दुखणं नेमकं उलटं आहे. एकेकटा घेतला तर तो खास काहीच नाही. बहुतेकांना वारसा इमारतीचा दर्जाही नाही. त्यांची किंमत आहे ती हजारोंनी एकत्र दिसण्यात. १९८९ मध्ये स्वेलडेल आणि शेजारची आर्कनगार्थडेल या दोन दऱ्यांमधले हजारांवर बार्न आणि त्यांच्यातले गडगे मिळून एकच संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. म्हणजे कुठलीही एक इमारत नाही, तर अख्खं चित्र जपायचं ठरलं. कागदावर सोपं आहे. पण चित्र जपायचं तर त्यातला प्रत्येक ठिपका कुणीतरी दुरुस्त करत राहायला हवा, आणि प्रत्येक ठिपक्याचा मालक वेगळा आहे.

मग ते ओस का पडले?

शेती बदलली म्हणून. ट्रॅक्टर आला, बेलर आला, मग मुरघास आला. आज गवत अर्धवट ओलं असतानाच मोठ्या गोल गाठी बांधून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. गवत सुकवायला चार दिवस कडक ऊन मिळायची वाट बघावी लागत नाही. पण ही गाठ बार्नच्या दारातून आत जात नाही. ट्रॅक्टरही जात नाही.

दुधाचंही तेच झालं. पूर्वी दुधाचे कॅन रस्त्याच्या कडेला ठेवले की गाडी उचलून न्यायची. १९७९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कॅनमधून दूध उचलणं बंदच झालं. त्यानंतर शेतावर गारठ्याची टाकी हवी आणि टँकर येईल असा रस्ता हवा. डोंगरावर एकट्या गोठ्यात चार गाई बांधून दूध विकणं संपलं. बऱ्याच जणांनी दुभत्या गाई सोडल्या आणि मेंढ्या धरल्या. उरलेल्या जनावरांना घराजवळ पत्र्याची मोठी शेड आली.

गवताच्या कुरणांवरही त्याचा परिणाम झाला. जुन्या पद्धतीत उशिरा कापणी आणि शेणखत यामुळे कुरणात रानफुलं भरपूर असायची. १९३० च्या दशकापासून इंग्लंड-वेल्समधली अशी फुलांची जवळजवळ ९७ टक्के कुरणं गेली. म्यूकरची कुरणं शिल्लक राहिलेल्या थोडक्यांपैकी. बार्न आणि कुरण ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं होती.

छपरावरची एक पाटी सरकली की काय होतं

इथं थोडं थांबू, कारण पुढचा सगळा पैशाचा वाद यावरच आहे.

या बार्नच्या भिंती एकसंध नाहीत. बाहेरून एक दगडी थर, आतून एक थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून ठरावीक उंचीवर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवलेले. कित्येक बार्नवर त्यांची टोकं बाहेर आलेली ओळीनं दिसतात. छपरावर कौलं नाहीत, जाडजूड दगडी पाट्या आहेत. वजन प्रचंड. हे वजन लाकडी कैच्या आणि आडव्या तुळया पेलतात.

वादळात एक पाटी सरकते. त्या जागेतून पाणी आत येतं. पूर्वी शेतकरी रोज दोनदा यायचा, त्याला ते लगेच दिसायचं, तो शिडी लावून पाटी परत बसवायचा. आता महिनोन् महिने कुणी आत डोकावत नाही. तुळई कुजते. छप्पर त्या जागी खाली वाकतं आणि शेजारच्या पाट्या घसरतात. मग छपराचं वजन सरळ खाली न जाता भिंतींना बाहेर ढकलू लागतं. भिंतीच्या माथ्यावरून पाणी मधल्या भरीत उतरतं, ते गोठतं, फुगतं, भर सुटी होते. भिंतीला पोट येतं. एक दिवस कोपरा खाली.

सुरुवातीला खर्च एका पाटीचा असतो. शेवटी अख्खी इमारत उतरवून पुन्हा रचावी लागते. वर पडलेल्या बार्नचे दगड आणि पाट्या बाजारात चांगल्या भावाला जातात, त्यामुळे पडका बार्न फार दिवस तसाच पडून राहतो असंही नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनं विचार करा. ज्या इमारतीत मेंढी ठेवायची नाही, गाठ ठेवायची नाही, तिच्यावर तो दगडी छपराचा खर्च का करेल? तोही पिढीजात ओढ म्हणून करतो तेवढाच. आणि डोंगरी मेंढपाळीत पैसा किती सुटतो हे तिथंही सगळ्यांना माहीत आहे.

'क्लास क्यू' म्हणजे तिकडचं एनए

आपल्याकडे शेतजमिनीवर घर बांधायचं तर जमीन एनए करावी लागते. इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्यापासून जमिनीचा किंवा इमारतीचा वापर बदलायचा तर नियोजन परवानगी लागते आणि ती मिळवणं हे मोठं दिव्य असतं.

घरं कमी पडतायत, म्हणून २०१४ मध्ये सरकारनं शेतातल्या इमारतींसाठी एक पळवाट काढली. पूर्ण परवानगीची गरज नाही, रस्ता, पूर, आवाज अशा मोजक्या मुद्द्यांवर स्थानिक प्राधिकरणाची तपासणी झाली की बार्नचं घर करता येतं. हाच नियम पुढे 'क्लास क्यू' म्हणून ओळखला जाऊ लागला. मे २०२४ मध्ये तो आणखी सैल झाला. आता एका शेतावर कमाल १० घरं, सगळी मिळून १,००० चौरस मीटरपर्यंत, आणि एक घर १५० चौरस मीटरच्या आत.

पण नॅशनल पार्क आणि तशा संरक्षित भागांना यातून वगळलंय. ते आपोआप झालं नाही. २०१४ मध्ये मूळ प्रस्तावात नॅशनल पार्कही धरले होते. डेल्ससह सगळ्यांनी बोंब मारली, तेव्हा सरकार मागं हटलं. २०२३ मध्ये हीच कल्पना पुन्हा सल्लामसलतीसाठी पुढे आली, पुन्हा विरोध झाला, आणि २०२४ च्या नियमांत पुन्हा सूट राहिली.

इथं एक गैरसमज होऊ शकतो. नॅशनल पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा येतं. जंगल, वाघ, माणसांना मज्जाव. तिकडे तसं नाही. यॉर्कशायर डेल्स १९५४ पासून नॅशनल पार्क आहे, पण त्यात गावं आहेत, पब आहेत, शाळा आहेत, आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. तिथं बांधकामाची परवानगी कौन्सिल देत नाही, पार्कचं प्राधिकरण देतं. म्हणजे आपल्याच शेतातल्या आपल्याच गोठ्याचं काय करायचं, हे शेतकऱ्याला पार्कला विचारावं लागतं. राग कुठून येतो ते यावरून कळेल.

घर केलं तर बिघडलं काय?

पहिला प्रश्न कुणालाही हाच पडेल. इमारत पडतेय, लोकांना घर मिळत नाही, मग दोन्ही जोडून टाका की.

अडचण अशी की बार्नचं घर केलं की एकटा बार्न बदलत नाही. घराला खिडक्या लागतात, आणि बार्नला खिडक्या नसतात, वाऱ्यासाठी फटी असतात. धुराडं येतं. रस्त्यापासून वरपर्यंत गाडीची वाट येते. विजेचे खांब, सांडपाण्याची टाकी, दोन गाड्यांची जागा, कपडे वाळत घालायची दोरी, मुलांचा झोपाळा. रात्री डोंगरावर दिवा. डेल्सला डिसेंबर २०२० मध्ये अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तिथं हा दिवाही मोजला जातो. शिवाय आत वटवाघळं असतील तर त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आधी पाहणी करावी लागते. हे सगळं एका बार्नपुरतं खपून जाईल. पाचशे बार्न असे झाले, तर ज्या दृश्यासाठी लोक येतात ते दृश्यच विस्कळीत उपनगरासारखं दिसू लागेल.

हे मला पटतं. पण याच युक्तिवादाला दुसरी बाजू आहे, आणि ती पर्यटकाला दिसत नाही.

डेल्समधल्या जवळपास पाचातल्या एका घरात वर्षभर कुणी राहत नाही. ती सुट्टीची घरं आहेत, नाहीतर भाड्यानं देण्याच्या कॉटेज. बाहेरचे लोक शहरातल्या पैशानं घरं घेतात, स्थानिक पगारात ती परवडत नाहीत. तरुण जोडपी खाली शहराकडे सरकतात. आर्कनगार्थडेलची प्राथमिक शाळा सतराव्या शतकापासून सुरू होती. २०१९ मध्ये ती बंद झाली, कारण मुलंच उरली नव्हती. अशा दरीत उभं राहून रिकामा बार्न तसाच ठेवा असं सांगणं, हे त्या शेतकऱ्याच्या पोराला फार महाग पडतं. त्याला बापाच्या शेतात घर करायचं असेल तर?

पार्कनं काढलेली मधली वाट

डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या स्थानिक आराखड्यात प्राधिकरणानं स्वतःच दार थोडं उघडलं. रस्त्याला लागून असलेले, किंवा वस्तीत, इतर इमारतींच्या घोळक्यात असलेले बार्न घर म्हणून बदलता येतील. डोंगरावर एकटे असलेले नाही. आणि घर झालंच, तर ते स्थानिक माणसाला राहायला, किंवा पर्यटकांना भाड्यानं द्यायला. लंडनच्या कुणाचं वर्षातून तीन आठवड्यांचं घर, हे नको. तसा करारच लिहून घेतला जातो.

रस्त्याची अट मला हुशारीची वाटते. रस्ता असला की नवी वाट काढावी लागत नाही, खांब लांब न्यावे लागत नाहीत, आणि रस्त्याकडेचं घर डोळ्यांना खटकत नाही. एका ओळीच्या अटीनं अर्ध्याहून जास्त भांडण मिटवलं.

भाड्यानं द्यायची सूट मात्र मला तितकी पटत नाही. तिचं कारण समजतं. स्थानिक माणसालाच विकायचं अशी अट घातली की घराची किंमत कमी होते, बँक कर्जाला कुरकुर करते, आणि मग दगडी छप्पर दुरुस्त करण्याइतका पैसा त्या व्यवहारात उरत नाही. पर्यटकांच्या भाड्यानं तो खर्च निघतो, शेतकऱ्यालाही जोडधंदा मिळतो. पण शेवटी हिशोब करणारा माणूस ज्या बाजूला पैसा जास्त तिकडेच जाणार, आणि शाळा पर्यटकांच्या मुलांवर चालत नाही. बार्न वाचला, दरी मात्र आणखी थोडी रिकामी झाली, असं यातून होऊ शकतं.

सुट्टीच्या घरांवर आता करातूनही घाव घातलाय. २०२३ च्या एका कायद्यानं कौन्सिलांना सुट्टीच्या घरांवर दुप्पट कर लावायची मुभा दिली, आणि डेल्सचा मोठा भाग ज्या नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलमध्ये येतो, त्यांनी तो एप्रिल २०२५ पासून लावला. मात्र रीतसर धंदा म्हणून भाड्यानं चालणारी कॉटेज या करात न येता व्यवसायाच्या करात जाते. म्हणजे पुन्हा तेच, भाड्याची कॉटेज करणाऱ्याला मोकळी वाट.

आणि डोंगरावरच्या बार्नचं?

रस्त्याकडेचे बार्न एकूणात थोडे. बाकीच्यांना घर होता येत नाही आणि शेतीलाही ते लागत नाहीत. त्यांच्यासाठी एकच रस्ता उरतो, तो म्हणजे सरकारनं पैसे द्यायचे.

ते अधूनमधून दिले गेलेत. २०१८ मध्ये डेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, पीक डिस्ट्रिक्ट, डार्टमूर आणि नॉर्थम्बरलँड या पाच नॅशनल पार्कमध्ये एक प्रायोगिक योजना आली. पारंपरिक शेती-इमारत दुरुस्त करा, खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान घ्या, पण तिचं घर करू नका, शेतीच्याच कामाला वापरा. चांगली योजना, पण प्रायोगिक. ज्यांना मिळालं त्यांना मिळालं.

दरम्यान ब्रेक्झिट झालं. युरोपच्या काळात शेतकऱ्याला जमिनीच्या क्षेत्रफळावर थेट पैसे मिळायचे, डोंगरातली कित्येक शेतं त्यावरच तगून होती. इंग्लंडनं २०२१ पासून ते टप्प्याटप्प्यानं कमी करायला घेतले. त्याऐवजी नवं तत्त्व आलं, जनतेच्या पैशातून जनतेच्या उपयोगाचं काम. स्वच्छ पाणी, पक्षी, झाडं आणि जुन्या इमारतीसुद्धा. नव्या योजनेत एक कलम खास आपल्या विषयाचं आहे. पारंपरिक शेती-इमारत पाण्यापासून सुरक्षित ठेवा, तिच्या चौरस मीटरप्रमाणे दरवर्षी पैसे घ्या. दूर, आडबाजूच्या इमारतींसाठी वेगळा दर.

वर सांगितलेली सरकलेल्या पाटीची गोष्ट आठवा. नेमकी त्याच टप्प्यावर पैसे देणारी ही योजना. पडल्यावर मोठं अनुदान देण्यापेक्षा पडू नये म्हणून दरवर्षी थोडं. शेतकऱ्याला पुन्हा वर्षातून चार वेळा तिथं जायला, आत डोकावायला कारण. माझ्या मते या सगळ्या वादात सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात शहाणं कलम हेच.

मार्च २०२५ मध्ये ही योजनाच नव्या अर्जांसाठी एका संध्याकाळी बंद झाली. पैसे संपले, सरकारनं सांगितलं. बंद करायच्या आधी मुदत देऊ असं म्हटलेलं असताना ती दिली नाही, म्हणून शेतकरी संघटना खवळल्या. ज्यांचे करार आधीच झाले होते त्यांना पैसे मिळत राहतील आणि सुधारित योजना पुढे आणू, असं सरकारचं म्हणणं. देशभराच्या बातम्यांत चर्चा झाली ती जमिनीची, कुंपणांची, पक्ष्यांची. बार्नचं कलम त्यात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सहा हजारच्या सहा हजार बार्न वाचतील असं तिथं कुणीच मानत नाही. कुठले सोडून द्यायचे हे मात्र अजून उघडपणे कुणी ठरवलेलं नाही. कुठलं छप्पर आधी जाईल, यावरच सध्या ते ठरतंय.